गोयी

आमच्या तोंडात ळ टिकत नाही.
केळीची केयी होते, डोळ्याचा डोया,
गोळीची गोयी.
म्हणून चोपड्याच्या मेडिकलसमोर
मी मनात गोळी, गोळी म्हणत उभी राहिले,
पुढचे तिघे खोकल्याचं औषध घेऊन जाईपर्यंत.

"कुठली?" तो म्हणाला.
आता कुठली म्हणजे काय.
त्याने वर न बघता पाकीट पेपरात गुंडाळलं, रबर लावला,
जशी काही मी सुरी विकत घेतली.

घरी कडी लावून उघडलं.
आतल्या कागदाला आठ घड्या,
अक्षर मोहरीएवढं, इंग्रजीत.
माझं बारावीचं इंग्रजी तिसऱ्या ओळीत
एका लांबलचक शब्दापाशी बसलं
ते उठलंच नाही.
कागदही मग पहिल्या घडीत जाईना.

जाऊबाई म्हणाल्या, "पोटमा गरमी व्हस."
नणंदेने मोबाईलवर एक बाई दाखवली,
तिच्या मते सगळं लिंबाने होतं.
बागेत घडांना पिशव्या घालणारी यमुना म्हणाली,
"मन्ही बहीणनी खादी,
मंग पाच वरीस पायना हालना नही."
पाच वर्षं! मला तर तेवढंच हवं होतं.
पण ती भीती घालायला सांगत होती.

यांनी ट्रकवरच्या मित्राला विचारलं.
लागेल त्या दिवशी घ्यायची, तो म्हणाला,
डोकेदुखीची घेतात तशी.
हे मला सांगताना हे भिंतीकडे बघत होते,
मी उशीच्या अभ्र्याकडे.

पोरगी सात महिन्यांची, अंगावर पिते.
ती मांडीवर झोपली की मी मोजायची:
एकवीस पांढऱ्या, सात तपकिरी.
त्या सात कशाच्या, हे कुणालाच माहीत नव्हतं.
बाकी सगळं सगळ्यांना माहीत होतं.

बुधवारी अंगणवाडीच्या ओट्यावर
लसीची पोरं रडत असताना
त्या गोंगाटात मी आशाताईंना विचारलं.
कोकिळाताई बाविस्कर, पदराला नेहमी शाईचा डाग.
"त्या सात लोहाच्या. रक्तासाठी,
आणि रोजची सवय मोडू नये म्हणून."
अंगावर पाजताना चालतात?
ताई थांबल्या. मी सवयीने तयार झाले,
गरमीला, लिंबाला.
"हाई माले माहीत नही," त्या म्हणाल्या,
"विचारीसन सांगसु."

इतक्या तोंडांत
हे एक वाक्य कुणाकडेच नव्हतं.

शुक्रवारी उपकेंद्र. तडवी सिस्टर.
त्यांनी आधी काही सांगितलंच नाही, विचारलं.
बाळ वरचं खातं का?
डोकं दुखतं? दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकतं?
पोटरी सुजली होती कधी?
विडी, तंबाखू, मिसरी?
मिसरीला मी नाही म्हणाले,
मग हो म्हणाले.
दंडाला पट्टा बांधून फुगा दाबला,
आणि आकडा नुसता लिहून न घेता
मला दाखवला.

"सहा महिने झाले, बीपी ठीक आहे, चालेल."
आणि विसरले तर?
"आठवली की लगेच घे. त्या दिवशीची त्याच्या वेळेला.
दोन दिवस चुकले तर सात दिवस निरोध,
आणि मला येऊन सांग. लाजू नको."
लसीच्या कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं, मोठ्या अक्षरात.
लिहिलं गोळी.
वाचून दाखवलं गोयी.

आता पाकीट कळण्याच्या पिठाच्या डब्यामागे असतं,
रात्री नऊचा गजर लागतो,
सासूबाईंना वाटतं, पोरीच्या दुधाचा.

परवा भांडी घासताना जाऊबाई जवळ सरकल्या.
नळ थोडा मोठा केला.
"मन्हं अर्धं डोकं दुखस नेहमी.
मी खाऊ का?"
मला सांगता आलं असतं काहीतरी.
"माले माहीत नही," मी म्हणाले. "शुक्रवारी चाल."
त्या हसल्या नाहीत, रुसल्या नाहीत.
ह्या की पुढच्या,
तेवढं फक्त विचारलं.