टंच

रात्री साडेदहाला दुकानांची शटरं पडली
की आमची टोळी जमते.
दिगूदादा कोइमतूरहून, सुऱ्या गुवाहाटीहून,
आनंदामामाचा पोपट त्रिचूरच्या पोटमाळ्यावरून,
आणि मी विट्यात, यंत्रमागाच्या भिंतीला पाठ लावून.
खटक-खटक माझ्या पाठीतून हेडसेटमध्ये जाते,
तिकडं कोणीतरी म्हणतं,
आलं बघ गाव.

क्लास निवडायच्या दिवशी भांडण झालं.
सुऱ्याला मांत्रिकच व्हायचं होतं,
कारण मांत्रिकाला जड काही उचलावं लागत नाही.
पोपट चोर. अंगापिंडानंही तसाच,
सावलीत शिरायची विद्या त्यानं पहिल्याच लेव्हलला घेतली.
दादा म्हणाला, लोहार सोडून काहीही.
भट्टी, भाता, मूस, चिमटा,
यातलं एकही मला दाखवू नका.
मग त्यानं ढाल घेतली, दाराएवढी रुंद,
आणि एकच कौशल्य:
राक्षसाला शिवी देऊन स्वतःवर ओढून घेणं.
शिव्या अस्सल खानापूर तालुक्यातल्या.
राक्षसांना कळतात.

उरलं ते मला. वैद्य.
कुणालाच नको असतं ते पोरीच्या पदरात पडतं
आणि नंतर सगळे तिच्याच नावानं ओरडतात.
राणू, रक्त! राणू, रक्त!
चार मंत्र, एक जडीबुटीची पिशवी,
पायात चपळाईचे जोडे,
जे पोपटानं कुठून आणले ते मी विचारलं नाही.

दरीतल्या नागिणीला मारायचं
तर चंद्रलोहाची तलवार लागते.
विकत मिळत नाही, गाळावी लागते, ठोकावी लागते.
तीन रात्री आम्ही खाण खणली
आणि भट्टीसमोर येऊन चौघंही गप्प.
शेवटी दादा म्हणाला, सरका.
त्याच्या नावाखाली बारीक अक्षरांत उमटलं:
धातुकाम, लेव्हल अठ्ठ्याण्णव.
कधी केलंस हे?
झोप येत नाही तेव्हा, म्हणाला.

खेळात नुसतं बटण दाबून धरायचं असतं, तीन सेकंद.
पण तो बोलत राहिला.
टाकणखार टाक. घाई नको.
रस फिरायला लागला की आरशासारखा डोळा उघडतो,
तेव्हाच ओत,
आधी ओतलंस तर
हे आमच्याशी चाललेलं नव्हतं.
तलवार झाली. सुऱ्यानं जादूचे बाण उडवले.
दादा खोकला, बराच वेळ,
आणि मग त्यानं माइक बंद केला.

त्याच्या बोटात विषरोधाची अंगठी आहे,
हिरवा धूर आला तर निम्माच लागतो.
दलदलीत अकरा वेळा मरून मीच आणली ती.
माझ्या मंत्रांचा पल्ला चाळीस पावलं.
त्यापलीकडं हात फिरवला
की लाल अक्षरं येतात: लक्ष्य दूर आहे.

रेवणसिद्धाच्या जत्रेला आप्पा वारंगळहून आले.
पस्तीस वर्षं तेजाबाच्या वाफेत उभा राहिलेला माणूस,
मिशी एका बाजूनं पिवळी.
माझ्यामागं खुर्ची ओढून बसले.
रानडुक्कर मेलं, सोन्याची नाणी सांडली.
कोल्हा मेला, नाणी.
वटवाघूळ, एवढंसं, त्यातनंसुद्धा.
निवांत बघून म्हणाले,
सोनं तर लई हाय गं. टंच किती?

मी सगळे मेनू उघडले.
वजन होतं, भाव होता, चमक होती.
टंच कुठंच लिहिलेला नव्हता.

आप्पांनी हेडसेट मागितला, उलटा घातला.
दिगू, जेवलास का? म्हणाले.
आणि पलीकडं
दाराएवढी ढाल घेतलेला तो मोठा माणूस
ऐन लढाईत
ढाल खाली करून उभाच राहिला.
नागीण डसत होती.
मी बरं करत राहिले, करत राहिले.
चाळीस पावलांच्या आत होता.