चुकीचं घड्याळ

गोझो बेटावरच्या या चर्चला दोन घड्याळं.
एक बरोबर, एक मुद्दाम चुकीचं,
सैतानाला प्रार्थनेची वेळ कळू नये म्हणून.
आम्ही हसलो. फोटो काढले.

किल्ली साल्विनाकडे असते.
पावाची पिशवी काखेत धरून तिनं दार ढकललं.
आत भिंतभर वादळं :
बुडता बुडता वाचलेल्यांनी
नवस फेडायला रंगवून घेतलेली
गलबतं, तिरकी, शिडं फाटलेली.

“आणि जे बुडाले?”
तिनं खांदे उडवले. “त्यांचा कसला नवस.”

कुलूप लावताना
ती वर बघून बोटं मोजत होती.
चुकीच्या घड्याळाकडे.

“मेलबर्नला हे बरोबर आहे,” म्हणाली.
“जेवायला बसला असेल.”

खाली आमची बस
हॉर्नवर हॉर्न देत होती.