पाचवी तार

सागवानी पेटीचं झाकण उघडलं
तर आतून एक पाल निघाली, थोडी वाळवी,
आणि सत्त्याण्णव सालचा बाबांचा हात:
प्रत्येक पीळ डावीकडे वळलेला,
प्रत्येक जोडावर सायकलच्या व्हॉल्व्हची नळी.
सबस्टेशनातून बाद झालेली घंटा,
पिठाच्या गिरणीच्या स्टार्टरमधला रिले,
ट्रॅक्टरची बॅटरी, जिला आई
दर अमावस्येला डिस्टिल्ड पाणी पाजायची.

चोर कधी आलाच नाही.
वानर आलं, दोनदा.
एकदा नागभीडहून शेवटच्या एस्टीनं मामा आला
आणि पत्रूजीच्या काठीचा फटका खाल्ल्यावर
जन्मभर आधी पत्र टाकूनच येत राहिला.

मी नवा बोर्ड काढला, काडेपेटीएवढा.
बाबांनी तो तळहातावर तोलला,
मोहफुलं ओली की सुकी हे पाहतात तसा.
"याच्यात घंटा कुठं हाये?"
घंटा नाही, म्हटलं. दार उघडलं की
नागपुरात माझा फोन थरथरेल.
"अन् तू तिथून धावत येशीन?
पत्रू आठ पावलांवर झोपते.
त्याले ऐकू आलं पायजे."
पत्रूजींना आता ऐकू येत नाही,
हे दोघांपैकी कोणीच बोललं नाही.
घंटा राहिली.

मग मीटर लावून मी भिंती ऐकत गेले.
पुढचं दार: टीं.
मागचं दार: टीं.
धानाची कोठी: टीं, जरा कापरं, तांब्यावर हिरवं चढलेलं.
न्हाणीची झडप गप्प; उंदरानं खाल्लेली. नवी ओढली.
बाबांच्या वहीत चारच लाईनी होत्या.
पेटीत मात्र पाच जोड्या येत होत्या.

पाचवी चुन्याच्या थरांखालून,
आईच्या फोटोच्या मागून,
कडीपाटाच्या कडेकडेनं निघाली
आणि माझ्या जुन्या खोलीच्या खिडकीशी थांबली.

मला माहीत होतं.
सतराव्या वर्षीही माहीत होतं,
ही तार आत येणाऱ्यासाठी नव्हती.
मंडईची रात्र. गावाबाहेर नाटकाचा शामियाना.
फुटक्या रेडिओतल्या स्पीकरचं चुंबक
मी चौकटीवर चिकटवलं, काचेच्या त्या नळीशेजारी,
आणि श्वास धरून पल्ला ढकलला.
घंटा वाजली नाही.
कापलेल्या बांध्यांमधून मी नि रेवता धावत सुटलो,
धसकटं टोचत, हसू दाबत.
नाटक कोणतं होतं ते आठवत नाही.
घंटा न वाजल्याचा आवाज आठवतो.
पुढं डिप्लोमा, हिंगण्याची फॅक्टरी, सोल्डरचा धूर,
सगळी त्या आवाजामागं गेले मी.

चुंबक अजून तिथंच होतं.
नखानं खरवडलं: वर निळा रंग,
खाली हिरवा, त्याखाली तपकिरी.
या घराला रंग दरवेळी बाबाच देतात.
तिन्ही वेळा ब्रश
त्याच्या कडेकडेनं नीट फिरला होता,
खिडकीच्या बिजागरीवरून फिरतो तसा.

मी पुन्हा हात लावला नाही.

संध्याकाळी फोनवर लाईनींना नावं देत बसले.
पाचव्या रकान्यात रेघ लुकलुकत राहिली.
ओट्यावरून बाबा म्हणाले,
"किती झाल्या?"
"चार."
त्यांनी सुपारी कातरली, बराच वेळ.
"बरोबर. चारच होत्या."

मग चाचणी म्हणून मागचं दार उघडलं.
फोन थरथरला,
आणि त्याच्या पाठोपाठ घंटा, एवढ्या वर्षांची गंजलेली,
अख्खी गल्ली अंगणात.
सगळ्यात शेवटी पत्रूजी,
सुनेनं हलवून उठवलेले,
काठी उगारून, भलत्याच दिशेला तोंड करून:
"कोन होये? कोनाले हानू?"