पिवळी फीत

डोवी नदीच्या खोऱ्यात, मार्चमधला मंगळवार.
ग्वेनल्यान प्रॉसरबाईंनी फोनवर एवढंच सांगितलं होतं:
बागेतल्या शेडमध्ये किटलीला हात लावला की
मुंग्या येतात.
एल्विन म्हणायचा, गुदगुल्या आहेत, घाबरू नकोस.
एल्विनला जाऊन चौदा महिने झाले.

टेगिड पुढे, मी मागे, शिडी माझ्या खांद्यावर.
शिकाऊ माणसाच्या वाट्याला शिडीच येते.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून निघालेली पांढरी वायर,
भिंतीआड राहायची, उन्हापावसाची सवय नसलेली,
कपड्यांच्या दोरीच्या आधाराने बाग ओलांडून
कुंपणाच्या झुडपात शिरली होती.
नऊ वर्षांत झुडपाने तिला आपलीच फांदी समजून
भोवती साल धरली होती.
मध्येच एक जोड. जोडावर प्लास्टिकची पिशवी,
पिशवीला रबरबँड.
पिशवीत पाणी.
टेगिडने पाहिलं आणि काही बोलला नाही.
तो बोलत नाही तेव्हा मी हात खिशात घालते.

शेडमध्ये कांद्यांच्या वेण्या,
तंबाखूच्या डब्यांत मापाप्रमाणे स्क्रू,
प्रत्येक डब्यावर एल्विनचं सरळ, सुवाच्य अक्षर.
कोपऱ्यात रेडिओ, हळू आवाजात
समुद्रावरचं हवामान सांगणारा.
इतका नीटनेटका माणूस!
आणि एकाच प्लगवर हीटर, दिवा, किटली, रेडिओ,
फ्यूजच्या जागी खिळ्याचा तुकडा,
तोही मापात कापलेला, कडा कानशीने घासलेल्या.
अर्थिंगची तार दुमडून टेपने बांधलेली.
जमिनीशी तिची ओळखच कुणी करून दिली नव्हती.

"उंदरांनी कुरतडलंय," मी म्हटलं.
"उंदीर शहाणे," टेगिड म्हणाला, "तांब्यापाशी थांबले."

घरातला मेन स्विच पाडला, त्याला कुलूप लावलं,
किल्ली माझ्या खिशात.
मग ते काम, जे तो मला रोज नव्याने शिकवतो:
आधी टेस्टर खरं बोलतोय का पाहायचं,
मग वायर तपासायची,
मग पुन्हा टेस्टर.
"मेलीय असं कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही.
सिद्ध करायचं. तोवर हात लावायचा नाही."
हे तो जरा मोठ्यानेच म्हणाला.
दारात प्रॉसरबाई उभ्या होत्या, गॅसवर केलेला चहा घेऊन.

मगमधून वाफ निघत राहिली.
"मी तो बंद केला नव्हता," त्या म्हणाल्या.
काय, ते आम्हाला लगेच कळलं नाही.
"त्या सकाळी तो रेडिओ लावून बाहेर गेला.
रात्री खिडकी उघडी ठेवली की
पलंगावरून ऐकू यायचा.
आत्ता थांबला."

टेगिडने टोपी काढली, पुन्हा घातली.
मी चहा घेतला. फार गोड होता.

दुपारभर चर खणला, गुडघ्याहून खोल.
चिलखत घातलेली जाड काळी केबल आत निजवली,
शेडला तिची स्वतःची पेटी दिली,
एक बटण, जे महिन्यातून एकदा दाबायचं:
खट्‌कन पडलं तर समजायचं, राखण जागी आहे.
प्रॉसरबाईंनी खिळा मागून घेतला,
आणि डबे चाळून
त्याच्याच मापाच्या डब्यात टाकला.

मग निम्मी माती लोटून झाल्यावर
मी पिवळ्या फितीची गुंडाळी काढली.
"ही कशाला?"
"पुढे कधी कुणी इथे खणेल.
केबलच्या आधी फावड्याला ही लागेल."
"कोण खणेल?"
"ते माहीत नाही."

त्यांनी गुंडाळीचं दुसरं टोक हातात घेतलं,
चिखलात गुडघे टेकून
फीत ताणून सरळ केली, जागोजागी खडे ठेवत,
आणि मध्ये एके ठिकाणी बोटभर वाकडी होती
म्हणून सगळे खडे उचलून
पुन्हा पहिल्यापासून.