पुलाला पत्ता नसतो

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत, घरपट्टीच्या जुन्या वह्यांवर
एक संगणक आडवा झोपवलाय.
त्याला दोन कार्डं. एकाचं तोंड तालुक्याच्या टॉवरकडे,
दुसऱ्याचं गावाकडे.
मधे तो. ब्रिज.
त्याला स्वतःचा पत्ता नाही.
हाक मारली तर ओ देत नाही,
पण त्याच्या पोटातून गेल्याशिवाय
चिचटोल्यात एक अक्षर येत नाही, जात नाही.

यादोराव बोपचे विचारतात,
"पुलावर काम करतेस म्हणे तू, करुणा?
मंग नाल्यावरचा रपटा कधी होते?"
हा पूल वेगळा, काका.
"याच्यावरून बैल जातेत का?"
नाही.
"मंग कायचा पूल."

ओळ एकच. चार एमबी, तीही कागदावर.
सकाळी रेशनच्या मशीनवर अंगठे,
उपकेंद्रात सिस्टर लसींची नोंद भरत असतात
आणि नेमकी तेव्हाच पानठेल्यामागची पोरं
अख्खा पिक्चर उतरवायला घेतात.
गोपिकाबाई उईकेंचा अंगठा लाखोरी उपटून गुळगुळीत झालेला.
एकदा लागत नाही, दोनदा लागत नाही,
तिसऱ्यांदा लागतो तेव्हा ओळ अडते.
पुन्हा प्रयत्न करा, मशीन म्हणते.
ती अंगठा पदराला पुसते,
जशी चूक त्याचीच.

म्हणून मी खुणा केल्या.
अंगठ्याला दहा. लसीला वीस, शाळेलाही वीस.
राहिलं त्या सगळ्याला तीस.
पाकीट उघडून बघत नाही मी,
कुठल्या दारातून निघालं, कुठल्या दाराला चाललं, एवढंच.
आणि खूण पाकिटावर नसतेच मुळी,
ती या पेटीच्या मनात असते.
पलीकडच्या तारेवर पाय ठेवला की पुसली.
पुढच्या गावात कुणी विचारत नाही, तू दहाचं की तिसाचं.
(मला विचारतात. पूर्ण नाव काय म्हणून.
मग थोडं थांबतात.)

बाबा पाणकर होते.
मालगुजारी तलावाच्या तुडुमाशी बसून
कुठल्या बांधीला किती, शेपटाच्या बांधीला कधी,
सगळं डोक्यात. घड्याळ नव्हतं.
त्यांना आकडे दाखवले. वर-खाली होताना बघत राहिले बराच वेळ.
"यानं पाणी वाढते का?"
नाही, बाबा. फक्त वाटलं जाते.
"मंग शिव्या तुलेच पडतीन."

पडल्या.
पानठेल्यानं दिल्या, त्या धरायच्या नाहीत.
आईनं दिली नाही, ती लागली.
रात्री आठला ती मोबाईल धरून बसते,
तेजू तेलंगणात मिरची तोडायला गेलीय, आठवड्यातून एकदा दिसते.
दिसली आणि थिजली. तोंड अर्धं उघडं.
"काही सांगत होती," आई म्हणाली, मोबाईल हलवत,
जसं आत काही अडकलंय.

मला ठाऊक होतं कुठे अडकलंय.
एक ओळ लिहिली असती तर तेजूला दहा मिळाले असते.
कुणाला कळलं नसतं. पेटीच्या मनातली गोष्ट.
बोटं कीबोर्डवर होती, खोटं कशाला बोलू.

मग दिसलं:
रेशनचं दुकान सहालाच बंद,
आणि दहाची बादली काठोकाठ भरून नुसती उभी.
रिकामं असेल तेव्हा उसनं द्यायचं,
हे सांगायलाच मी विसरले होते तिला.
बाबा हे कधी विसरले नसते.
वरची बांधी भरली की रात्रीतून उठून
कंदील घेऊन जायचे, शेपटाकडे फोडून द्यायला.

सांगितलं. सगळ्यांनाच सांगितलं, एकटीला नाही.
पानठेल्यामागे पिक्चरही धावायला लागला असणार.

पुन्हा फोन लागला. तेजू हलली.
आई म्हणाली, "का सांगत होतीस मघा?"
"कधी?" ती म्हणाली.
"काही नाही वं. भाजी कायची केली, विचारत होती."