दोन नमुने

आर्वो दोन फळ्या ठेवून गेला उंबऱ्यापाशी,
एक बांबूची, एक मेपलची.
म्हणाला, पंधरा दिवस चाला यांच्यावर, मग सांगा.

डुलुथमध्ये मार्च म्हणजे बुटांना चिकटलेलं मीठ
आणि रात्री सरोवरावर कुरकुरणारा बर्फ.
सोल्वेग अनवाणी येते स्वयंपाकघरात,
डावा पाय बांबूवर, उजवा मेपलवर.
दोन्ही सारखेच गार.

बांबू म्हणजे गवतच हो, आर्वो म्हणाला होता,
पाच वर्षांत तोडणीला येतं.
मेपलला साठ लागतात,
पण तासून पुन्हा नवं करता येतं, पंचवीस वर्षांनी.
पंचवीस! ती हसली होती,
अठ्ठ्याहत्तरची बाई.

तिने किल्ल्यांचा जुडगा पाडून पाहिला.
कुत्र्याला फिरवलं.
सांडलेली कॉफी तासभर मुद्दाम पुसली नाही.
बांबू हुशार निघाला, काही लागू दिलं नाही अंगाला.
मेपलवर डाग राहिला,
खुर्ची ओढल्याची रेघसुद्धा.

सोळाव्या दिवशी तिने फोन केला.
मेपल, म्हणाली.

कधीतरी कुणी येईल इथे राहायला,
गुडघे टेकून घासत बसेल माझे ओरखडे,
आणि शिंकेल
भुशाने.