अर्थ मिळत नाही

कोपरीच्या सावलानींनी पेपरात गुंडाळून दिले दोन्ही दिवे,
म्हणाले, "मॅडम, ओरिजनलच्याही वरचा माल."
वरचाच होता. दोन मिलिमीटरने.

म्हणून सकाळपासून कोलबाडच्या या पार्किंगमध्ये
सदुसष्टच्या फियाटमागे पाट टाकून बसले आहे.
कानशीने कड उतरवते, लावून बघते,
परत काढते, परत घासते.
लाल भुकटी नखांत गेली आहे.

जुने दिवे उतरवले तेव्हा
एकाच्या पोटात कुंभारणीने घर केलेलं निघालं,
मातीचं, चार खोल्यांचं, रिकामं.
तिलाही नोटीस गेली असणार.

नोटिसा टिपणीस लिहितात. आडनावाला जागून.
"सदर वाहन भंगार अवस्थेत असून
सात दिवसांत न हलवल्यास..."
तीन झाल्या. तिन्ही मी नीट घडी करून
डॅशबोर्डच्या खणात ठेवल्या आहेत, विम्याच्या कागदांशेजारी.
अक्षर सुरेख. ते नाकारता येत नाही.

बल्बच्या गळ्याशी दोन खिळे असतात,
एक वर, एक जरासा खाली,
म्हणजे तो एकाच बाजूने बसावा.
जबरदस्ती केली तर उलटाही बसतो,
मग एरवी उगाच भगभगतो
आणि थांबायच्या वेळी मिणमिणतो.
अशा एका माणसाबरोबर मी एकवीस वर्षं काढली.
निघताना गाडी तेवढी मागून घेतली.

दुपारी डावा लागला.
उजव्याचं नुसतं हो-नाही, हो-नाही.
राबोडीच्या शब्बीरभाईंना फोन केला.
पलीकडे कुणीतरी पत्रा ठोकत होतं.
"बल्ब ठीक? वायर ठीक?
मग अर्थ मिळत नाही, ताई.
करंट गेला तर परत यायला रस्ता पाहिजे ना त्याला.
खरवडा. पत्रा लागेपर्यंत खरवडा."

खरवडलं.
क्रीम रंग, त्याखाली निळा
(निळी होती ती कधी? मला कुणी सांगितलं नाही),
त्याखाली पुट्टी, मग गंज, बिस्किटासारखा सुटणारा,
आणि मग एकदम
रुपयाएवढा, थंड, उघडा पत्रा.
तिथे वायरचं टोक आवळलं.

आता ब्रेक दाबायचा आणि मागून बघायचं.
हे एकट्याचं काम नव्हे.
पेडलवर वीट ठेवली, ती घसरली.
आरसा टेकवला भिंतीला, त्यात माझाच गुडघा.
वॉचमन टँकरच्या पाइपापाशी भांडतोय.
तेवढ्यात जिन्यावरून टिपणीस. हातात चौथी.

"जरा आत बसता का?" मी म्हटलं. "मधलं पेडल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं,
कागद खिशात घातला.
चपला बाहेर काढल्या, देवळापुढे काढतात तशा,
आणि बसले.
एकाहत्तर वर्षांचा माणूस. आयुष्यात कधी
गाडी चालवली नाही, हे पाठीवरूनच कळलं:
दोन्ही हात स्टिअरिंगवर, मान ताठ,
समोर पाण्याच्या मीटरांची भिंत,
नजर अशी, की घोडबंदरचा घाट लागलाय.

"दाबू?"
"दाबा."

मागच्या भिंतीवर, 'येथे थुंकू नये'च्या दोन बाजूंना,
लाल उमटलं. डावं. उजवं.
उजव्याची कड किंचित वाकडी, माझ्या हाताची.

"लागला का?" त्यांनी न वळता विचारलं.
चालवणाऱ्याला तो दिसत नाही. कधीच नाही.
ज्याच्यासाठी असतो, तो मागे असतो.

"लागले. दोन्ही."
"सोडू?"

मी पाट उचलला. कानस पुसली.
कुंभारणीचं घर कुंडीच्या कडेला ठेवलं.
"राहू दे जरा," म्हटलं.

त्यांनी पाय काढला नाही.
थोड्या वेळाने, हळूच,
कुणी ऐकत नाही असं समजून,
एकदा हॉर्न वाजवला.